खिळ्याला मार, चुंबक तयार!

बालदोस्तांनो, घरात लांब, सरळ लोखंडी खिळा आहे ना? शाळेतलं होकायंत्र मागून आणा, कुणा मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि हा प्रयोग करून पाहा.

खिळ्याचं टोक होकायंत्राच्या सुईच्या दोन्ही टोकांजवळ आळीपाळीने न्या, पण थोडं अंतर राखून. दोन्ही टोकं खिळ्याकडे ओढली गेली, तर खिळा साधाच आहे. आता तो लाकडी पाटावर उत्तर-दक्षिण ठेवा आणि हातोडीने २०-२५ ठोके मारा. पुन्हा तपासा. सुईचं एक टोक दूर पळालं? मग खिळा चुंबक झाला! आता तोच खिळा पूर्व-पश्चिम ठेवून ठोका. चुंबकपणा बराचसा जातो. आहे की नाही गंमत?

ही गंमत जुनी आहे. उत्तर-दक्षिण ठेवून ठोकलेलं लोखंड चुंबक होतं, असं इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली आपल्या ग्रंथात लिहिलं होतं.

असं का होतं? लोखंडात अगदी लहान लहान भाग असतात. प्रत्येक भाग म्हणजे एक चिमुकला चुंबकच! पण मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखी त्यांची तोंडं दाही दिशांना. ठोक्याच्या हादऱ्याने अडकलेले भाग सैल होतात आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना आपल्या दिशेला वळवतं. जणू बाईंनी घंटा दिली आणि मुलं रांगेत उभी राहिली!

ठोकेच हवेत असंही नाही. लोखंड ताणलं किंवा दाबलं, तरी त्याचं चुंबकत्व बदलतं. इटलीच्या एमिलिओ व्हिलारी यांनी हे १८६५ साली दाखवलं. याच्या उलटही घडतं. चुंबक होताना लोखंडाची कांब किंचित लांब होते, हे जेम्स जूल यांना १८४२ सालीच आढळलं होतं.

रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण लांबूनच ऐका. त्याच्या आत पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात. आपल्याकडच्या विजेमुळे त्यांचं चुंबकत्व सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतं. तितक्याच वेळा ते किंचित लांब-आखूड होतात आणि गुणगुणतात.

हे पत्रे कापताना, वाकवताना त्यांच्यात ताण राहून जातो. मग ते चिमुकले भाग वळताना अडखळतात, पत्रे जास्त तापतात आणि तेवढी वीज फुकट जाते. तीही दिवसरात्र, वर्षानुवर्षं! म्हणून असे पत्रे पुष्कळदा सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तापवून हळूहळू थंड करतात. ताण निघून जातो, वीज वाचते.

आता एक प्रश्न तुम्हाला. शाळेतला पट्टीचुंबक खाली पाडू नका, असं बाई नेहमी का सांगतात? उत्तर आज जेवताना आईबाबांना समजावून सांगा बरं!