अवांतर म्हणे!

आपल्या शाळांच्या कोशात एक मोठा मासलेवाईक शब्द आहे: 'अवांतर वाचन'. क्रमिक पुस्तकाबाहेरचे जे जे मुलाने वाचावे ते सगळे अवांतर. म्हणजे ज्ञानेश्वरी अवांतर, साने गुरुजी अवांतर, आणि धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे तेवढी मुख्य! बरे, या अवांतराच्या पंक्तीतही पुन्हा सोवळेओवळे आहेच. चरित्रे, प्रवासवर्णने, सामाजिक कादंबऱ्या यांची पाने माजघरात मांडायची. राक्षस, वेताळ, पऱ्या आणि जादूच्या अंगठ्या यांची मात्र ओसरीवर, पोरासोरांबरोबर. जाणत्या माणसाने त्या पंगतीला बसणे हा पोरकटपणा, आणि तिथे रमणे हा तर 'पलायनवाद'! हा शब्द उच्चारताना आमच्या विद्वानांचा चेहरा असा होतो की, त्यांच्याच खिशातले काहीतरी घेऊन कोणी पळाले आहे असे वाटावे.

या निवाड्याविरुद्ध मला फिर्याद गुदरायची आहे. मी पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पनवेलला मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या कादंबऱ्यांतून आजवर एकही राक्षस फिरकलेला नाही, तेव्हा मी आपल्याच मालाची जाहिरात करतो आहे असे कोणी म्हणू नये. पण फिर्याद करायची तर साक्षीपुरावा हवा. तो गोळा करण्यासाठी मी एका वर्षाचा नेम धरला.

हल्ली वर्षात अमुक इतकी पुस्तके वाचीन अशी पैज मारण्याची टूम निघाली आहे. कोणी बावन्न आठवड्यांत बावन्न म्हणतो, कोणी शंभरावर उडी घेतो. पुस्तके मोजून वाचणे म्हणजे पंगतीत बसून जिलब्या मोजणे. पैज जिंकली तरी जिलबीची चव हरवते. आपल्याकडे याहून शहाणी चाल आहे, ती चातुर्मासाच्या नेमाची. किती खाल्ले याला तिथे किंमत नसते. काय सोडले आणि काय धरले याला असते. मी सोडली ती रोजच्या ओळखीची वास्तववादी कादंबरी, आणि धरले ते अद्भुत. गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत दर पंधरवड्याला एक ग्रंथ. लागोपाठची दोन पुस्तके एका मुलुखातली नसावीत. पन्नास पाने झाल्याखेरीज कोणतेही खाली ठेवू नये. आणि वाचलेले घरात किंवा वर्गात कोणाला तरी तोंडी सांगावे, एवढेच नियम. चोवीस ग्रंथांनी यंदाच्या पाडव्याला या नेमाचे उद्यापन झाले. त्यांतले सात-आठ भाकड निघाले, हे आधीच सांगून टाकतो. तलवारी, सिंहासने आणि सात खंडांची वंशावळ एवढ्या भांडवलावर चालणारे कारखाने विलायतेत पुष्कळ आहेत. पण भाकड पुस्तकांच्या मोजदादीत वास्तववादीही मागे राहणार नाहीत!

आता आरोप एकेक घेऊ.

पहिला आरोप असा की, ही इसापाच्या वयाची करमणूक आहे; प्रौढ मराठी मनाशी तिचा संबंध नाही. वाचकहो, ज्यांना कथांची गंगोत्री पाहायची असेल त्यांनी विलायतेची वाट धरू नये, पैठणची धरावी. सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा आहे. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली, 'पाण्याने मारू नका', आणि संधी न कळलेल्या राजाने मोदक आणवले! राणी हसली. राजा लाजला आणि संस्कृत शिकायचे म्हणून हटून बसला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी गुणाढ्याने प्रतिज्ञा केली, आणि तो हरला. मग विंध्याच्या रानात जाऊन त्याने पिशाचांची भाषा आत्मसात केली आणि तिच्यात, आपल्या रक्ताची शाई करून, ७ लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. राजाने ती भाषा पाहूनच नाक मुरडले. तेव्हा गुणाढ्य रानात एकेक पान वाची आणि अग्नीत टाकी. हरणे-डुकरे चरायचे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाच्या ताटात मांस निकृष्ट येऊ लागले तेव्हा कुठे चौकशी झाली. तोवर ६ लाख श्लोक जळाले होते. उरला तो १ लाख.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने आणि सोमदेवाने या परंपरेतून आपापले ग्रंथ रचले. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' आपल्याला वेताळपंचविशीसकट माहीत आहे. मूळ बृहत्कथा मात्र आज उपलब्ध नाही. मला या कथेत चमत्काराहून मोठे काही दिसते. दरबाराला कळत नाही ते रानाला कळते. भाषेची जात पाहून ग्रंथ नाकारणारा राजा शेवटी आपल्याच ताटात उपाशी राहतो. वाङ्मयातल्या सोवळेपणावर इतकी बोचरी टीका कोणत्या वास्तववाद्याने केली आहे?

त्याच पैठणला पुढे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ती गोष्ट पोरकट आहे असे कोणीही म्हणत नाही. का? कारण वेदांचा अधिकार कोणाचा, हा तीत विचारलेला प्रश्न धर्मसभेलाही झेपला नाही, हे खेड्यातल्या अडाणी आजीलाही समजते. अद्भुताचे काम हेच. जी गोष्ट सरळ बोलता येत नाही, ती ते एका चित्रात उभी करते.

दुसरा आरोप पलायनाचा. याची मराठीतली कुळकथा मोठी मनोरंजक आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची. तिच्यामागून रिसबूडांची 'मंजुघोषा' १८६८ साली आली. रिसबूडांनी प्रस्तावनेत आपली अडचण प्रांजळपणे मांडली: आपल्या लोकांचे आयुष्य इतके एकसुरी की, ते जसेच्या तसे सांगितले तर कोणी वाचणार नाही, म्हणून अद्भुताची कास धरावी लागते. पुढे १८९० साली हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' निघाले आणि त्यातून आलेल्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीने दाखवून दिले की, त्या एकसुरी म्हटलेल्या आयुष्याच्या माजघरात केवढे रडणे कोंडलेले होते. हरिभाऊंपुढे माझे हात जोडलेलेच आहेत. माझी तक्रार आहे ती त्यांच्या नावाने कारभार करणाऱ्यांविषयी. त्यांनी एक दार उघडले, तर यांनी दुसरे विटांनी बुजवून टाकले!

आणि पळाले कोण? 'वीरधवल'कार नाथमाधवांचे, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळ्यांचे, उदाहरण घ्या. शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यानंतर हा माणूस लेखक म्हणून उभा राहिला. १९१३ साली त्याने 'वीरधवल' दिली आणि घरोघर तिची पारायणे झाली. त्याच लेखणीतून 'डॉक्टर'सारखी सामाजिक कादंबरीही उतरली. ज्याचे पाय गेले त्याने राजपुत्राची साहसे लिहिली, तर हे पलायन म्हणावे की झेप? ज्याला दोन धड पाय आहेत, तरी जो आपल्या गल्लीपलीकडे कधी गेला नाही, त्याने तरी नाथमाधवांना पळपुटा म्हणू नये.

तिसरा आरोप हिशेबी माणसांचा: या सगळ्यातून मिळते काय? वाचन रुंदावते म्हणता, ते कसे?

माझे उत्तर असे. ओळखीच्या जगाची कादंबरी वाचताना आपण पानोपानी एकच प्रश्न विचारत असतो: हे आपल्यासारखे आहे का? असले तर मान डोलवायची, नसले तर 'असे कुठे असते का!' म्हणून पुस्तक मिटायचे. अद्भुत कथा हा प्रश्नच विचारू देत नाही. तिच्या उंबऱ्यावर वहाणांबरोबर आपले नियमही काढून ठेवावे लागतात. इथे दगड बोलतो. बरे, बोलू दे, काय म्हणतो ते तरी ऐकू. परक्याचे म्हणणे आधी पुरते ऐकून घेण्याची ही सवय ज्याला लागली, त्याचे वाचन रुंदावले. मग तो चोवीस वाचो की चार.

माझ्या नेमातले एक पुस्तक अमेरिकेतल्या उर्सुला ले ग्विन या बाईंचे होते, १९६८चे. शेजारी कोश ठेवून मी ते पुरे केले. बेटांच्या मुलुखातला, शेळ्या राखणारा एक सावळ्या वर्णाचा पोर मांत्रिक होतो. तिथे ज्याचे खरे नाव कळले त्याच्यावर सत्ता चालते, म्हणून प्रत्येक जण आपले खरे नाव जपून ठेवतो. हा पोर गर्वाने एक काळी सावली जगात सोडतो, तिच्यापासून पळत राहतो, आणि शेवटी वळून तिलाच गाठतो व स्वतःच्या नावाने हाक मारतो. नियमाप्रमाणे हे मी घरात सांगितले. आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "यात नवल ते काय? आम्ही जन्मभर तुझ्या वडिलांचे नाव उखाण्यात गुंडाळून घेतले, ते काय उगीच?" अमेरिकेतली ती बाई आणि पनवेलची माझी आई यांची अशी गाठ कोणत्या वास्तववादी पुस्तकाने घालून दिली असती?

आता पनवेलचेच सांगतो, कारण माझी खरी कळ तिथे आहे. परगावच्या वाचकांना ठाऊक असेल की, आमच्या तालुक्यात नवी मुंबईचा विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्यासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापून काढली, उलवे नदीचे पात्र वळवले आणि दहा गावे उठवली. अल्लाउद्दीनच्या राक्षसाने रातोरात महाल बांधला हे आपण खोटे मानतो. इथे डोंगर नाहीसा झाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

त्या उठलेल्या गावांपैकी एका गावच्या मुलाने निबंध लिहिला. विषय नेहमीचाच: 'माझा गाव'. त्याने लिहिले की, एका राक्षसाला भूक लागली आणि त्याने आमचा डोंगर खाल्ला. त्याने नदी पिळून दुसरीकडे टाकली. तिला आता समुद्राची वाट सापडत नाही, म्हणून ती रोज रात्री आमच्या आजीला वाट विचारायला येते. तपासणाऱ्याने तांबड्या शाईने शेरा मारला: 'विषय सोडून. कल्पनाविलास.' दहापैकी दोन गुण. कोणती शाळा, कोण शिक्षक, हे विचारू नका. तो शेरा एका माणसाचा नाहीच, तो आपल्या सगळ्या शिक्षणाचा आहे.

टेकडीची उंची कागदोपत्री आहे, गावांची संख्या आहे, भूखंडांचे हिशेब आहेत. विमानतळ व्हावा की न व्हावा, हा वाद आज मला करायचा नाही. पण त्या आजीचे काय हरवले हे ज्या एकाच कागदावर लिहिले होते, त्याला आपण दोन गुण दिले! त्या पोराला अद्भुताखेरीज दुसरी भाषाच नव्हती. मोठ्यांच्या भाषेत त्याच्या दुःखाला रकाना नाही. आणि ज्याने वर्षानुवर्षे फक्त आपल्यासारख्यांचीच पुस्तके वाचली, त्या मास्तराला ही भाषा वाचता आली नाही. वाचन अरुंद असले की त्याची किंमत अशी दुसऱ्यालाच मोजावी लागते.

कोणी म्हणेल, विज्ञानाच्या युगात राक्षस कशाला? तर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून पहिले बक्षीस मिळवणारे जयंत नारळीकर आठवा. जगन्मान्य शास्त्रज्ञालाही 'जर असे झाले तर' हा आजीच्या गोष्टींतला प्रश्न टाकवला नाही. पुढे २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तेव्हा शास्त्राची भीती दाखवून अद्भुताला कोणी घराबाहेर काढू नये.

ही दिवाळी आहे. या दिवसांत तुमच्या अंगणात, निदान इमारतीच्या जिन्याखाली, पोरांनी किल्ला केला असेल. चार विटा, त्यांवर चिखलात बुडवलेले पोते, अळिवाचे रान. महादरवाजाहून उंच मावळा आणि मावळ्याहून लहान वाघ. आजवर एकाही बापाने त्या किल्ल्यापुढे उभे राहून 'हे अवास्तव आहे' असे म्हटलेले मी ऐकले नाही. उलट ऑफिसातून आलेला बाप बाह्या सरसावून तटबंदीला चिखल लावू लागतो. त्या बापाला माझे एवढेच सांगणे आहे: हात धुऊन आत गेल्यावर एखादे अद्भुताचे पुस्तक उघडा. मोठ्याने वाचा. आणि पोराने मध्येच 'मग काय झाले?' असे विचारले, तर ते अवांतर समजू नका.