क्लोरिनचा वास आणि आपली भीती



पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी विहिरीत उतरले की ग्रामपंचायतीचा माणूस तीत ब्लीचिंग पावडर टाकतो. गावात तिला टीसीएल पावडर म्हणतात. दुसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू होते, "पाण्याला औषधाचा वास येतो, हे प्यायचे कसे?" मग काही घरांतील हंडे ओढ्याकडे वळतात. ओढ्याच्या पाण्याला वास नाही, म्हणून ते शुद्ध! ही समजूत मला फार धोक्याची वाटते.

कॉलऱ्याच्या किंवा विषमज्वराच्या जंतूंना ना वास, ना चव. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ते असू शकतात. क्लोरिनचे तसे नाही. एका लिटरमध्ये 5 मिलिग्रॅमहून कमी क्लोरिन असला तरी बहुतेकांना त्याची चव कळते. काहींना तर 0.3 मिलिग्रॅमही जाणवतो. आता दुसरा आकडा पाहा. जन्मभर रोज प्यायच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली कमाल मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम आहे. म्हणजे धोक्याची रेषा येण्याच्या बरेच आधी आपली जीभ आपल्याला सावध करते. उलट भारतीय मानकाप्रमाणे पाण्यात निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन शिल्लक असावा लागतो. हे प्रमाण म्हणजे 5,000 लिटरच्या टाकीत अवघा 1 ग्रॅम! पाणी साठवताना पुन्हा जंतू शिरले, तर हा शिल्लक क्लोरिनच पहारा करतो. उकळलेल्या पाण्यात असा पहारेकरी नसतो. त्यात हात बुडाला की ते पुन्हा दूषित होऊ शकते.

मग क्लोरिनविषयी शंका घेणारे सारेच चुकतात काय? तसे नाही. नेदरलँड्समधील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी 1974 साली दाखवून दिले की, पाण्यातील कुजलेल्या वनस्पतींच्या अंशांशी क्लोरिनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे अल्प प्रमाणात तयार होतात. ही संयुगे कमीत कमी असावीत हे योग्यच. पण त्यासाठी क्लोरिन बंद करणे हा उपाय नव्हे. पाणी आधी निवळून व गाळून घेणे हा होय. त्या संयुगांची चिंता वर्षानुवर्षांच्या सेवनाची आहे. कॉलरा मात्र उपचार न मिळाल्यास काही तासांत प्राण घेऊ शकतो. या दोन धोक्यांना एकाच तराजूत तोलणे बरोबर नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच वाईट. "जास्त पावडर, जास्त शुद्ध" हा हिशेब खोटा आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या प्रमाणातील क्लोरिनला दाद देत नाही. 1993 साली अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात क्लोरिन घातलेल्या पाण्यातूनच सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. तेथे गाळण्याची व्यवस्था कमी पडली होती. फ्लोराइड किंवा आर्सेनिकही क्लोरिनने निघत नाही. गढूळ पाण्यात तर क्लोरिन मातीतील घाणीवरच खर्च होतो. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळावे, फडक्याने गाळावे, मग बाटलीवर सांगितले असेल तेवढेच औषध घालावे आणि निदान अर्धा तास थांबावे. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण उघडी राहिल्यास तिचा जोर ओसरतो. संडास धुण्याच्या आम्लाशी ती कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

मित्रहो, तुमच्या गावचा जलसुरक्षक ओटी चाचणी करतो, ती एकदा शेजारी उभे राहून पाहा. नमुन्यात थेंब पडताच पाणी पिवळे होते, आणि रंगाच्या गडदपणावरून क्लोरिन किती ते कळते. (तो नमुना मात्र ओतून द्यायचा, प्यायचा नाही!) मग घरी कोणी पाण्याच्या वासाची तक्रार केली, तर त्यांना विचारा, "क्लोरिन आहे खरा, पण किती?" मोजल्यावाचून भिऊ नये आणि मोजल्यावाचून निर्धास्तही राहू नये. विज्ञान शिकायचे ते याचसाठी.