विश्लेषण : ‘फँड्री’तला जब्या आणि बालकलाकाराच्या नावची एफडी

वाशी : शाळेच्या गॅदरिंगमध्ये एखाद्या मुलाने स्टेज गाजवलं की ‘ह्याला पिक्चरमध्ये घाला’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खरंही होऊ शकतं, हे सोमनाथ अवघडेने दाखवलं. वाशीहून भूम, परंडा ओलांडलं की करमाळा तालुका लागतो. तिथल्या केम गावचा, हलगी वाजवणारा हा शाळकरी मुलगा ‘फँड्री’तला जब्या झाला. पण टाळ्या थांबल्यावर मुलाच्या हातात काय उरतं? खरा प्रश्न तोच आहे.

सोमनाथचा प्रवास कसा झाला?

करमाळा तालुक्यातल्याच जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ 14 फेब्रुवारी 2014 रोजी प्रदर्शित झाला. 61व्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सोमनाथ सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला. पुन्हा मुख्य भूमिकेत तो दिसला थेट 2021च्या ‘फ्री हिट दणका’मध्ये. मधली वर्षं म्हणजे मुलाचं वाढण्याचं वय. या काळात चेहरा बदलतो, आवाज फुटतो आणि ‘जब्या’ शोधणारा प्रेक्षक पुढे निघून जातो.

सचिन पिळगांवकरही बालकलाकारच होते. मग फरक काय? ‘हा माझा मार्ग एकला’पासून सुरू झालेली त्यांची कारकीर्द आजही सुरू आहे. त्यांची गुणवत्ता वादातीत आहे. पण घरात सिनेमाही होता. 1979चा ‘अष्टविनायक’ वडील शरद पिळगांवकर यांनीच निर्माण केला होता. गावाकडच्या पोराला असा आधार नसतो. त्याच्यासाठी आधार म्हणून नियमच हवेत.

शाळेचं काय होतं?

अकलूजच्या रिंकू राजगुरूचं उदाहरण पाहा. 2016 मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा ती शाळेत होती. गर्दीमुळे रोज वर्गात बसणं अवघड झालं. शेवटी तिने दहावीची परीक्षा बाहेरून दिली आणि 66.40 टक्के मिळवले. तिने जिद्दीने निभावलं, पण प्रत्येक मुलाला ते जमेलच असं नाही.

कायदा काय सांगतो?

बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे, मात्र सिनेमा, मालिका, जाहिरातीतल्या कलाकारांना अटींसह सूट आहे. सर्कशीला ती नाही. 2017च्या नियमांतल्या मुख्य अटी अशा :

• जिथे शूटिंग आहे, त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरची परवानगी हवी. वाशीच्या मुलाचं शूटिंग पुण्यात असेल, तर परवानगी पुण्याची.
• दिवसाला जास्तीत जास्त 5 तास काम. विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही.
• सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडू नये ही जबाबदारी निर्मात्याची.
• कमाईचा किमान 20 टक्के भाग थेट मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून. ती सज्ञान झाल्यावरच हातात.

20 टक्क्यांचा हिशेब साधा आहे. आठ वर्षांच्या मुलाला एक लाख मानधन मिळालं तर 20 हजारांची एफडी. 7 टक्के व्याज धरलं तर दहा वर्षांत साधारण 40 हजार. रक्कम मोठी नाही, पण ती मुलाची स्वतःची आहे.

अशा नियमाची गरज का पडली, हे अमेरिकेत फार आधी दिसलं. चॅप्लिनच्या ‘द किड’ (1921) मधला जॅकी कूगन मोठा झाला, तेव्हा त्याची बहुतेक कमाई संपली होती. त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा ठोकला. त्यानंतर 1939 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. तिथे आज 15 टक्के रक्कम राखून ठेवावी लागते.

मग अडतंय कुठे?

कागदावर आपला नियम चांगला आहे. पण ज्या घरात पहिल्यांदाच सिनेमावाले येतात, त्या घराला तो माहीतच नसतो. ‘पोराला संधी मिळतेय’ या आनंदात कागद मागायचा कोण? दुसरी अडचण मोबाइलची. हे नियम निर्माता समोर ठेवून लिहिलेत. घरातच आई-वडील रील काढतात, दुकानदार जाहिरातीचे पैसे देतो, तेव्हा पोराच्या वाट्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : शूटिंगला पाठवण्याआधी परवानगीची प्रत मागा, पैसे मिळाल्यावर एफडीची पावती मागा आणि शाळेत मुख्याध्यापकांना आधी कळवा. रीलमधून कमाई होत असेल, तर सक्तीची वाट न पाहता 20 टक्के पोराच्या खात्यात टाका.

एखादा सोमनाथ आपल्या वाशीतूनही पुढे येईल. त्याच्या सत्काराला हार-फेटा घेऊन जरूर जाऊ. फक्त स्टेजवरून उतरल्यावर त्याच्या वडिलांना एवढं विचारू : पोराच्या नावची पावती घेतली का?