डच शब्दांना हंसणाऱ्यांस

डच म्हणजे मोडकी जर्मन, असें म्हणून नाक मुरडणारे विद्वान आमच्यांत पुष्कळ आहेत. हातमोज्याला तेथें 'हांडस्खून', म्हणजे हाताचा जोडा म्हणतात. कासवाला 'स्खिल्डपट', ढालकरी बेडूक! हे शब्द प्रथम भेटले तेव्हां मलाही पोरासारखें हंसूं आलें, हें कबूल. पण हंसून पुस्तक मिटणाऱ्यांना याच पंक्तींत बसलेला 'विस्कुंडे' दिसत नाहीं. गणितासाठीं बहुतेक युरोप ग्रीकांपुढें हात पसरीत असतां सिमॉन स्टेविननें 'विस्कॉन्स्ट', निश्चिताची विद्या, हा शब्द घरींच घडविला. १५८६ च्या आपल्या तुलाशास्त्रांत स्वभाषेची थोरवी आवेशानें मांडली. त्याचाच पुढें 'विस्कुंडे' झाला, आणि डच पोर आजही शाळेंत तोच शिकतें. मग हाताचा जोडा पोरकट आणि 'मॅथेमॅटिक्स' तेवढें भारदस्त, हा न्याय कोणता?