पोच्यापायी दार रंगवू नका

शेजारच्या गाडीचे दार धाडकन उघडते आणि आपल्या दारावर रुपयाएवढा पोचा पडतो. रंग शाबूत, पत्रा तेवढा आत गेलेला. गॅरेजमध्ये नेल्यावर उत्तर ठरलेले असते : ‘पुट्टी भरून अख्खं पॅनेल मारावं लागेल, नंतर कळणारसुद्धा नाही.’ बहुतेक जण मान डोलावतात आणि गाडी ठेवून येतात. रंग तडकला नसेल तर या उत्तराला ठाम नकार द्यावा. पोचा आज ना उद्या काढता येतो. कारखान्यात चढलेला रंग एकदा घासला गेला की तो परत मिळत नाही.

कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. ना गाद्या, ना वायरी. गंजरोधक द्रावणाच्या हौदात तो अख्खा बुडवतात, विजेच्या प्रवाहाने पहिला थर कानाकोपऱ्यात बसतो आणि १७० अंशांच्या आसपास भाजला जातो. वरचे थरही साधारण १४० अंशांच्या भट्टीत पक्के होतात. गॅरेजमध्ये आलेल्या गाडीत प्लास्टिक, वायरी, काचा सगळे जागेवर असते, त्यामुळे तिथली भट्टी ६० अंशांच्या आसपास थांबते. रस्त्याकडेच्या दुकानात तर रंग हवेवरच वाळतो. कारागीर कितीही चांगला असला तरी हा फरक भरून निघत नाही. मूळ रंगाचे सगळे थर मिळून जाडी भरते १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्यापलीकडे नाही. जुनी गाडी घ्यायला आलेला जाणकार हीच जाडी यंत्राने मोजतो. पुट्टी भरलेल्या दारावर आकडा कितीतरी पटीने चढतो आणि त्यावरून तो अपघाताचा अंदाज बांधतो. रुपयाएवढ्या पोच्यासाठी गाडीवर असा शिक्का का मारून घ्यायचा?

‘विम्यातून करून टाकू’ हा सल्लाही तितकाच महाग पडतो. दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांवर असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. ती वाचवणारे जादा कलम घेतलेले नसेल, तर एका दाव्यात ती शून्यावर येते. शिवाय इंजिन १५०० सीसीपर्यंतचे असेल तर प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये आपल्याच खिशातून जातात, त्याहून मोठे असेल तर २०००.

मग घरच्या घरी काय जमते? आधी काय जमत नाही ते सांगितले पाहिजे, कारण त्यापायीच गाड्या बिघडतात. हेअर ड्रायरने दार तापवायचे आणि त्यावर बर्फ घासायचा, हा उपाय व्हिडिओत फार छान दिसतो. पण पोलादाचा दहा सेंटिमीटरचा तुकडा ५० अंशांनी तापला तर तो वाढतो जेमतेम ०.०६ मिलिमीटर. धडकेने पत्रा ताणला जाऊन त्याची घडीच बदललेली असते. एवढ्याशा प्रसरणाने ती मोडत नाही. पसरट, उथळ, दाबल्यावर ‘टक्’ आवाज करणारा पोचा कधी कधी असा उसळून येतो, पण शेजारच्या दाराच्या कडेने पडणारा पोचा तसा नसतो. त्यात कोणी हीट गन लावली तर रंगाला फोड येतात. रबरी सक्शन कपाचेही तेच. कप पोच्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे तो आजूबाजूचा धड पत्राच ओढत बसतो. उकळते पाणी मात्र प्लास्टिकच्या बंपरवर खरोखर उपयोगी पडते. तापल्यावर ते प्लास्टिक मऊ होते आणि मागून हाताने दाबले की मूळ आकाराला येते. बंपरचा हा उपाय दाराच्या पत्र्याला लावायचा नाही.

पत्र्यासाठी कामाचा उपाय एकच : गोंदाने ओढणे. त्याचे संच आता सहज मिळतात. त्यात गरम गोंदाची बंदूक, निरनिराळ्या आकारांचे प्लास्टिकचे ठोकळे, ओढायचा छोटा पूल आणि बोथट टोकाची प्लास्टिकची खुंटी असते. गाडी सावलीत लावावी. आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर गोंद धरतच नाही. दार धुऊन पोच्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मग ट्यूबलाइट अशी धरावी, की तिची सरळ रेघ दारात तिरपी उमटेल. पोच्यावर ती रेघ वाकते, आणि जिथे सर्वांत जास्त वाकते तिथेच पोच्याचा तळ असतो. ठोकळा त्याच जागी चिकटवायचा. गोंद गार झाल्यावर पुलाचा स्क्रू हळूहळू फिरवत ओढायचे, ठोकळा सुटला की अल्कोहोलचे दोन थेंब कडेला सोडून गोंद सोलून काढायचा आणि रेघ पुन्हा बघायची. थिनर किंवा पेट्रोल अजिबात लावू नये. एका ओढीत काम होत नाही, होऊही नये. चार हलक्या ओढींत पत्रा जितका शहाण्यासारखा येतो, तितका एका जोरदार झटक्यात येत नाही.

सगळे कसब यापुढे आहे. पोच्याचा मधला भाग आत जातो तेव्हा त्याच्याभोवती एक बारीक उंचवटा उठलेला असतो. बोटाने लागतो, डोळ्याला चटकन दिसत नाही. तो खुंटी आणि हलक्या हातोडीने बसवल्याशिवाय मधला भाग पूर्ण वर येत नाही. ओढा, बघा, उंचवटा बसवा, पुन्हा बघा, असे आळीपाळीने चालू ठेवायचे. पोचा तीन चतुर्थांश गेला, आता फक्त दिव्यातच दिसतो, इतके झाले की हात थांबवावा. घरच्या कामाची नासाडी होते ती शेवटच्या त्या चिमूटभरासाठी.

काही ठिकाणी मात्र हातच लावू नये. पोच्याला धारदार घडी पडली असेल, तो दाराच्या कडेवर किंवा दारावरच्या उठावाच्या रेषेवर असेल, तर रंग न दुखावता पोचे काढणारा खास कारागीर गाठावा. काचेच्या फटीतून सळई घालून आतून ढोसण्याचा प्रयोग करू नये. दारात वायरी असतात, काचेची यंत्रणा असते, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही असतो. दार आधी कधी रंगवलेले असेल तर गोंदाबरोबर तो रंगच सोलून निघू शकतो. आणि रंग तडकलाच असेल तर ओढाओढ न करता त्याच छटेच्या टच-अप पेनने ती भेग बुजवावी. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत उघडा पत्रा वाट बघत नाही.

हे पोचे वाढले आहेत त्याचे कारण लोकांचा बेफिकीरपणा एवढेच नाही. सोसायटीत गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद धरलेली असते. मारुती ८०० ची रुंदी होती १.४४ मीटर, आजची ह्युंदाई क्रेटा १.७९ मीटर भरते. दोन मारुती शेजारी लावल्या तर मध्ये मीटरभराहून जास्त जागा उरत असे. दोन क्रेटांमध्ये उरते ७१ सेंटिमीटर. त्यात आरसे धरलेलेच नाहीत. एवढ्या फटीत दार उघडून, मूल कडेवर घेऊन उतरणाऱ्या बाईला दोष देण्यात काय अर्थ? पूर्वी बऱ्याच गाड्यांच्या दारांवर मधोमध रबराची नाहीतर प्लास्टिकची जाड पट्टी असे आणि पहिला मार ती खात असे. आता तीच पट्टी शोरूममध्ये जादा पैसे घेऊन विकतात. ती कंपन्यांनी मूळ किमतीतच बसवून द्यावी. आणि सोसायट्यांनी पार्किंगच्या जागा लावताना गाडीच्या नंबराबरोबर तिची रुंदीही नोंदवून घ्यावी, म्हणजे दोन रुंद गाड्या एकमेकींना खेटून लागणार नाहीत.