शूटिंगला जाताय? जेवून निघा

भिशीच्या, हास्यक्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो: गाण्याच्या कार्यक्रमाचं शूटिंग आहे, प्रेक्षक हवेत, कोण कोण येतंय? नौपाड्यातल्या मैत्रिणींनो, जरूर जा. चौघी-पाचजणी मिळून जा, कारण तिथे बराच वेळ नुसती वाट बघण्यात जातो आणि वाट बघायला सोबत लागते. फक्त आधी एक बघा. पास फुकट असायला हवा. कुणी नावनोंदणीचे पैसे मागितले, वर ‘नातवाची ऑडिशनही करून देतो’ म्हणाला, की तिथेच नमस्कार करा.

गडकरी रंगायतनने १९७८ पासून आपल्याला वाईट सवय लावली आहे. तिसरी घंटा, पडदा, मध्यंतरात बटाटावडा, आणि तीनेक तासांत आपण तलावपाळीवर. स्टुडिओत असलं काही नाही. तासाभराच्या भागासाठी अख्खा दिवस जाऊ शकतो. दिवे बदलतात, परीक्षकांच्या चेहऱ्यावर पुन्हा पावडर फिरते, निवेदिका अडखळली की तेच वाक्य पहिल्यापासून. म्हणून घरून जेवून निघा. बीपी-शुगरच्या गोळ्या पर्समध्ये ठेवा आणि शाल विसरू नका. दिव्यांच्या उष्णतेसाठी एसी असा सोडतात की मे महिन्यातही दात वाजतात. बारीक रेघांची, चौकड्यांची साडी नको, कॅमेऱ्यात ती लहरते. फोन बहुधा दारातच काढून घेतात, तेव्हा घरी सांगून ठेवा.

आता टाळ्यांबद्दल. रंगमंच रिकामा असतानाच कानाला हेडफोन लावलेला एक मुलगा पुढे येतो आणि हात वर करून म्हणतो, “वाजवा!” मग “हसा,” मग “आश्चर्य वाटलंय असं बघा.” हे तुकडे साठवून ठेवतात आणि नंतर हवे तिथे जोडतात. आपण कुठल्या गाण्याला डोळे पुसले, हे आपल्याला टीव्हीवरच कळतं! यात फसवणूक झाली म्हणून फणकारू नका, त्या मुलाचं ते कामच आहे. सांगेल तेव्हा दणकून वाजवा. पण समोर कुणी खरंच गायला लागलं की शेजारणीच्या सुनेचा विषय बंद. कॅमेरा कुठे वळलाय तेही बघू नका. गाणाऱ्याला पुढच्या रांगांतले चेहरे दिसतात, आणि ऐकणारा चेहरा त्याला लगेच ओळखू येतो.

लहान मुलांचा कार्यक्रम असेल तर जास्तच जपा. २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने कार्तिकी, मुग्धा, आर्या, प्रथमेश, रोहित ही पोरं घराघरांत आपलीच करून टाकली, आणि तेव्हापासून स्पर्धकाचा गाल ओढायचा आपल्याला हक्कच मिळाला असं वाटतं. तसा तो मिळालेला नाही. कडेला थर्मासमधलं कोमट पाणी पिणाऱ्या मुलीला “गेल्या वेळी तुझा वरचा सा लागला नाही हं” असं ऐकवू नका. बाहेर पडलेल्या मुलाबरोबर त्या दिवशी फोटो तर मुळीच नको. तिथलं रडणं कार्यक्रमासाठी नसतं.

आणि हे सगळं बघून आपल्या नातवंडालाही उभं करावंसं वाटलं, तर नियम माहीत करून घ्या. २०१७ च्या बालकामगार नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम करून घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. मिळकतीतला किमान पाचवा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवा. विचारायला लाजू नका. चांगले निर्माते न विचारताच सांगतात.

परतीचं आधीच ठरवा. गोरेगावच्या चित्रनगरीतून दादरला गाडी बदलून यायचं असेल तर शेवटच्या लोकलवर भिस्त नको. मीरा रोडकडून यायचं असेल तर गायमुखचा घाट रात्रीसुद्धा दीड-दोन तास खाऊ शकतो. चौघींत एक गाडी करा, पैसे वाटून घ्या.

निकाल मात्र फोडायचा नाही. तशी सही बऱ्याचदा घेतात, आणि घेतली नाही तरी तेच. सोसायटीच्या जिन्यात कुणी अडवून विचारलंच, तर सांगा, रविवारी नऊ वाजता लावा.