पद्मदुर्गाची शिदोरी

सहलीची जागा ठरविताना आपण पांढरपेशे लोक आधी चहाची सोय पाहतो, मग निसर्ग. यंदा भाऊबिजेला अलिबागेस धाकट्या बहिणीकडे जायचे आणि दुसऱ्या दिवशी मुरूड गाठायचे ठरले, तेव्हा घरात जंजिऱ्याच्या बाजूने बहुमत होते. ते उगाच नव्हे. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात, माणसांची वर्दळ असते. मी मात्र पद्मदुर्गाचे नाव काढले.

"तो कुठला आणखी?" चिरंजीवांनी विचारले.

मुरूडच्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा हा किल्ला. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह म्हणून शिवाजीमहाराजांनी कासा बेटावर तो उभारला. लाटांनी त्याच्या तटाचे दगड खाऊन पोकळ केले, पण दोन दगडांमधला चुना अजून तसाच उभा आहे. पाहणारे मात्र थोडे.

तिकडे जायचे तर कोळ्याची होडी ठरवावी लागते आणि आधी पंचांग उघडावे लागते. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला तिनाची पाऊणपट, म्हणजे सव्वादोन. उतरायचे ते पाणी चढते असताना आणि परतायचे ते फार ओसरण्याच्या आत. बेटावर ना वस्ती, ना दुकान. तेव्हा पिण्याच्या पाण्यापासून सारे बरोबर न्यायचे.

यादी करता करता मला महाराजांचे १६७५ सालचे एक पत्र आठवले. वर्गात मराठी गद्याचा नमुना म्हणून ते मी नेहमी वाचून दाखवितो. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने पद्मदुर्गाच्या कामी रोकड आणि धान्य वेळेवर पोचविले नाही. तिकडे दौलतखान आणि दर्यासारंग वाट पाहत बसले. महाराजांनी त्याला असे फैलावर घेतले आहे की, वाचणाऱ्याने आजही मान खाली घालावी. हबशाने काही देऊन तुम्हांला आपले चाकर तर केले नाही ना, इथवर त्यांचा संशय गेला!

एवढा राग का? मला वाटते, बेटावरला माणूस कितीही शूर असो, त्याचा जीव काठावरल्या माणसाच्या हाती असतो. तट दगडाचा असला, तरी शिबंदी जगते ती किनाऱ्यावरून येणाऱ्या पोत्यांवर. काठावरल्याला दोन दिवसांचा उशीर वाटतो. बेटावरल्याची ती उपासमार असते.

हे सारे मी घरात जरा रंगवून सांगितले. सौभाग्यवती मुकाट्याने ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वाटेत चौल लागतं ना? आत्याबाई त्या एवढ्या वाड्यात एकट्याच असतात. फराळाचा एक डबा त्यांचाही धरा."

यादीत तो डबा आता सर्वांत वर आहे. समुद्र खवळला, तर पद्मदुर्ग एक वेळ राहील. चौलचा डबा राहून चालणार नाही.